वर्षाचे बारा महिने कसे भरता? कोकणातल्या कामधंद्याचे अनुभव

एक विनंती आहे. मी चिपळूण भागात आयटीआयला फिटर आणि वेल्डरच्या मुलांना शिकवतो. निकाल लागला की मुलं 'सर, आता कुठे जाऊ?' असं विचारायला येतात, आणि माझ्याकडे चाकण, तळोजा, लोटे या औद्योगिक वसाहतींच्या पुढे फारसं काही नसतं. म्हणून तुमचे अनुभव हवे आहेत.

आमच्या आजोबांच्या पिढीचा आधार मुंबईची गिरणी होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि खेड, संगमेश्वर, राजापूरकडच्या घराघरांत येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. अलीकडचं तर सगळ्यांनीच पाहिलंय. २०२० ची टाळेबंदी, त्यातच ३ जूनचं निसर्ग वादळ, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर. बाजारपेठेतली कितीतरी दुकानं चिखलातून पुन्हा उभी राहिली. लोकांनी दर वेळी वाट काढली, पण कशी काढली हे कोणी लिहून ठेवत नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन मिळू लागलं. पहिल्या कामाचा दाखला हातात येतो, हे चांगलंच आहे. पण मुदत संपली की मुलगा परत माझ्या दारात.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर खोडून काढा. आपल्याकडे बारा महिन्यांची एकच नोकरी धरून बसणाऱ्यापेक्षा हंगामाला हंगाम जोडणारे जास्त टिकलेले दिसतात. पगार सांगायचा नसेल तर नका सांगू. पण रिकामे महिने कसे काढले, शब्द कोणी टाकला आणि कामासाठी कोणाला पैसे मोजावे लागले का, हे जरूर लिहा.

रत्नागिरी, मिरकरवाडा परिसर. डिझेल मेकॅनिक

सर, मी तुमच्यासारख्याच एका आयटीआयचा. डिझेल मेकॅनिक करून पुण्याकडे एका कारखान्यात कंत्राटावर लागलो होतो. ऑर्डर कमी झाल्या की पहिली कुऱ्हाड कंत्राटी पोरांवर. तसा परत आलो तेव्हा वडील म्हणाले, बंदरावर मामाच्या ओळखीचा मिस्त्री आहे, त्याच्या हाताखाली उभा राहा.

ट्रकचं इंजिन आणि बोटीचं इंजिन यांचा जीव एकच, पण खारं पाणी सगळं बदलून टाकतं. कूलिंगची लाइन, शाफ्ट, पंखा, गिअरबॉक्स, सगळीकडे गंज. हे पुस्तकात नव्हतं, मिस्त्रींनी हातात पाना देऊन शिकवलं. सुरुवातीला फक्त जेवण आणि वरखर्च मिळायचा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारल्या की सगळ्यांना वाटतं आता बंदरावर काम नाही. आमचं खरं काम तेव्हाच असतं. मालकांना ऑगस्टला बोट पाण्यात हवी असते, म्हणून इंजिन उघडणं, इंजेक्टर तपासणं, नोझल बदलणं, सगळं त्या दोन महिन्यांत. पुढे हंगामात समुद्रात बिघाड झाला तर फोन येतो, पण ते बेभरवशाचं. म्हणून ऑक्टोबरनंतर मी बागायतदारांचे फवारणी पंप आणि ग्रासकटर दुरुस्त करतो. मोहोर आला की फवारणी थांबून चालत नाही, पंप बंद पडला तर माणूस रात्रीसुद्धा दार ठोठावतो.

मुलांना सांगा, बोटीवर खलाशी म्हणून नेपाळहून, कर्नाटकातून माणसं येतात, कारण आपली पोरं त्या कामाला तयार नाहीत. ते ज्याचं त्याने ठरवावं. पण मेकॅनिकसुद्धा बाहेरून आणायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

देवगड तालुका. आधी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग

२०२३ मध्ये आमचा प्रोजेक्ट बंद झाला आणि आख्खी टीम 'बेंच'वर, म्हणजे कामाविना बसून पगारावर गेली, मग बाहेर. मॅन्युअल टेस्टिंगला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. पुण्यातलं भाडं आणि गाडीचा हप्ता यांत शिल्लक झपाट्याने संपत होती, म्हणून बायको म्हणाली, घरी जाऊ. आई म्हणाली, "पुण्याक बसान भाडा भरण्यापरास हयच रव."

घरी बसून ऑटोमेशन शिकलो. पूर्वीच्या मॅनेजर ताईंनी एका छोट्या कंपनीत माझं नाव सुचवलं, तिथे तासांवर काम मिळतं. पुण्यापेक्षा कमी, पण भाडं नाही. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड हे कामाचं भांडवलच समजा. मीटिंगमध्ये दोनदा लाइन गेली की समोरच्याचा विश्वास उडतो.

एप्रिल-मे मात्र बागेचा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते आपोआप आपल्या पेटीला लागत नाही. बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आम्ही ती केली आणि पुण्यातल्या जुन्या सोसायटीत थेट पेट्या द्यायला लागलो. दलालाच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची वाट बघायची नाही, हा दिलासा पैशांपेक्षा मोठा वाटतो. आयटीतल्या मित्रांना एवढंच सांगेन की गावी या, पण कौशल्य अद्ययावत करूनच या. नुसत्या बागेवर घर चालेल असं धरू नका. एका खराब मोहोराने सगळं गणित कोसळतं.

दापोली तालुका. सीमनचे वडील

मी स्वतः एसटीत होतो. मुलाला जहाजावर जायचं होतं. हर्णै, दाभोळपासून खाली जयगडपर्यंत जहाजावर गेलेल्यांची घरं भरपूर, त्यामुळे पोरांना ओढ असतेच. आणि तेवढेच एजंटही फिरत असतात.

एक माणूस घरी आला. 'काका, कोर्स नको, थेट जॉइनिंग देतो,' म्हणाला आणि काही लाख सांगितले. शेजारच्या गावातल्या निवृत्त बोसनकाकांकडे (बोसन म्हणजे जहाजावरच्या डेकवरच्या खलाशांचा मुकादम) गेलो. त्यांनी जे समजावलं ते सगळ्यांसाठी लिहितो.

डेकवर किंवा इंजिनात रेटिंग, म्हणजे अधिकाऱ्यांखालचा खलाशी म्हणून जायचं तर नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतच सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स करावा लागतो. इंडोस नंबर, म्हणजे खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक लागतो, सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही लागते, मान्यताप्राप्त डॉक्टरची तपासणी लागते. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना हवा आणि तो नंबर महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ताडून बघता येतो. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट, सीडीसी यांचा खर्च आपला, पण 'जॉइनिंगचे' म्हणून कोणी रक्कम मागितली की उठून बाहेर यावं.

आम्ही त्या माणसाकडे परवान्याचा नंबर मागितला. तो परत आला नाही.

मुलाने रीतसर कोर्स केला. त्यानंतरचा काळ कठीण होता, कारण पहिलं जहाज मिळणं हेच अवघड, अनुभव नाही म्हणून घेत नाहीत आणि घेत नाहीत म्हणून अनुभव नाही. तो मुंबईत गावकीच्या खोलीवर राहून कंपन्यांच्या कचेऱ्यांत रोज हजेरी लावायचा. ती गावकीची खोली नसती तर आमच्याच्याने झेपलं नसतं. आमच्या आजोबांनी गिरणीत असताना वर्गणी काढून घेतलेली ती खोली आहे, आजही पोरं तिथेच उतरतात.

आता तो वर्षातून काही महिने घरी असतो. ते महिने बिनपगारी असतात, हे पोरांना कोणी सांगत नाही. कराराच्या काळातच पुढची बेगमी करावी लागते.

लोटे. केमिकल ऑपरेटर

थोडक्यात लिहितो. बीएस्सी केमिस्ट्री करून कंत्राटदाराच्या हजेरीवर प्रॉडक्शनला होतो. मग सांडपाणी प्रक्रिया विभागात जागा झाली. तिकडे जायला कोणी तयार नव्हतं, वासाचं काम म्हणून. मी गेलो. पीएच, सीओडी आणि बीओडी (पाणी किती दूषित आहे ते सांगणाऱ्या चाचण्या), गाळाची तपासणी, नोंदी सगळं शिकलो. प्रॉडक्शन मंदावलं तर माणसं कमी करतात, पण प्रक्रिया केंद्र बंद ठेवून कारखाना चालवता येत नाही. कंत्राटावर असाल तर उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा. कापलेले पैसे जमा झालेत का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

वेंगुर्ले तालुका. काजू प्रक्रिया

मी बारावीनंतर लग्न होऊन आले. यांचं गोव्यातल्या हॉटेलचं काम टाळेबंदीत गेलं. तेव्हा मी एका कारखान्यात काजू सोलायला जात होते. किलोवर मजुरी. बी फोडताना टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलते, त्या बायकांची बोटं मी रोज बघायचे. तिथेच सगळं शिकले: बी उकडायची, रात्रभर निववायची, फोडायची, गर ड्रायरमध्ये सुकवायचा, साल काढायची, मग प्रतवारी. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर, डब्ल्यू २४० त्याहून मोठा. अख्खा गर, पाकळी आणि तुकडा यांच्या भावात इतका फरक असतो की फोडणाऱ्या बाईच्या हातावर सगळा नफा ठरतो. म्हणून तिला कमी मजुरी देणं मला कधीच पटलं नाही.

बचत गटातल्या ताईंनी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं सांगितलं. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान. अर्ज आणि प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिचं मानधन शासन देतं. हे माहीत नसल्यामुळे आमच्याकडे कितीतरी जणी बाहेर पैसे देऊन अहवाल करून घेतात. आणखी एक, अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळं राहतं आणि कर्जाचे हप्ते नीट गेले तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. 'सरकार पैसे देतं' असं समजून कोणी उडी घेऊ नका.

यंत्रांपेक्षा खेळतं भांडवल जास्त लागतं. बी मिळते मार्चपासून मेपर्यंत. तेव्हाच घेऊन, उन्हात कडक वाळवून, पोत्यांत भरून ठेवावी लागते आणि मग वर्षभर ती फोडायची. पैसे सगळे उन्हाळ्यात जातात, गर विकला जातो गणपती-दिवाळीला. शंभर किलो बीमागे साधारण पाव भाग गर मिळतो, तो हिशेब पाठ असायला हवा. सुरुवातीला आम्ही थोडीच बी घेतली आणि उरलेल्या महिन्यांत दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून दिली. त्यावर तग धरला. आता माझ्याकडे वाडीतल्या काही जणी येतात. हातमोजे मी देते आणि घातल्याशिवाय बसू देत नाही.

लांजा. शाखा डाकपाल

माझं डी.एड. झालंय. शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, अभियोग्यता चाचणी, मध्येच एखाद्या शाळेत मानधनावर, असं बराच काळ चाललं. आमच्या भागातल्या शाळांत जागा रिकाम्या, आणि डी.एड. झालेल्या मुली घरी. याचा राग अजूनही येतो आणि तो यायलाच हवा.

शाखा डाकपालाची जागा ग्रामीण डाक सेवक भरतीतून भरतात, तिला लेखी परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर निवड होते. माझे गुण चांगले होते. शाखा डाकपालाला सुरुवात १२,००० पासून, सहायकाला १०,००० पासून, वर महागाई भत्ता. काम चार-पाच तासांचं. नियमातच आहे की उपजीविकेचं दुसरं साधन हवं, त्यामुळे ही पूर्ण नोकरी समजू नये. मी संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेते. सकाळी आजीबाईंची पेन्शनची नोंद, संध्याकाळी त्यांच्याच नातवाचं गणित. दोन्ही मिळून माझं घर चालतं. शिक्षक भरतीची परीक्षा मी सोडलेली नाही.

राजापूर तालुका. कलमं बांधणारा

मुंबईत केटरिंगला होतो, २०२० ला आलो तो परत गेलो नाही. काकांची नर्सरी. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग योजना आली तेव्हापासून आमच्याकडे कलमांना मागणी आहे. पावसाळ्यात आंब्याची कोय कलमं आणि काजूची मृदुकाष्ठ कलमं बांधतो. कोय रुजून पानं तांबूस असतात तेव्हाच कलम बसतं, पानं हिरवी झाली की उशीर झाला. काडी आणि रोप एका जाडीचं हवं, पाचर एका फटक्यात सरळ उतरायला हवी. मजुरी कलमामागे मिळते, आणि जगण्याचं प्रमाण ज्याचं चांगलं त्याला दुसऱ्या जिल्ह्यांतूनही बोलावणं येतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात याचं शिक्षण मिळतं.

पाऊस सरला की जुन्या उंच आंब्यांची छाटणी, मग मोहोराची फवारणी, मग नूतन झेल्याने (देठासकट आंबा तोडायच्या जाळीच्या काठीने) आंबे उतरवणं. मार्च ते मे मला एक दिवस मोकळा नसतो. सरांचं म्हणणं मला पटतं, फक्त एक जोडतो: हंगामी माणसाला आजारपणाची रजा नसते. आम्ही चौघं एकत्र काम घेतो, एक पडला तर बाकीचे त्याचा वाटा काढतात.

महाड. बीएस्सी शेवटचं वर्ष

लोटेवाल्या दादांना विचारायचं होतं, मुलींना सांडपाणी विभागात घेतात का? आणि कोर्स कोणता करू?

लोटे. केमिकल ऑपरेटर

घेतात, लॅबमध्ये तर नक्की. महागडा कोर्स आधी नको. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सीओडी आणि टायट्रेशन इतकं कर की मुलाखतीत करून दाखवता येईल, तिथे तेच करायला सांगतात. महाड औद्योगिक वसाहत तुझ्या घराजवळ आहे, आधी तिथे अप्रेंटिस पोर्टलवर नाव नोंदव. लोट्याला आलीस तर रात्रपाळी आहे का आणि कंपनीची बस कुठपर्यंत सोडते, हे रुजू होण्याआधी लेखी घे.