मदत हवी आहे: सरकारी लसी घेतल्यात, आता खासगी डॉक्टर ‘सगळं इथेच घ्या’ म्हणतात

नमस्कार ताई-दादांनो. माझी मुलगी परवा नऊ महिन्यांची झाली. जन्मानंतरची बीसीजी (क्षयरोगाची लस), दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस साताऱ्याला माहेरी असताना आरोग्य केंद्रात घेतले. तिथल्या सिस्टर फार मायेने करायच्या. कोणती लस दिली, पुढची कधी, ताप आला तर काय करायचं, सगळं सांगून अर्धा तास बसवून ठेवायच्या. पेंटाव्हॅलंटनंतर (पाच आजारांची एकत्र लस) मांडीला गाठ आली, एक रात्र ताप होता, दुसऱ्या दिवशी पोरगी खेळायला लागली.

आता आम्ही पुण्यात आलोय. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, पुढचं सगळं आमच्याकडेच घेणार असाल तरच या. मला फार वाईट वाटलं. ते कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय हो.

गोंधळ गोवराच्या लसीचा आहे. सरकारी एमआर लसीत गोवर-रुबेला असतं, खासगीकडच्या एमएमआरमध्ये गालगुंडही असतो. आता सरकारी एमआर घेऊन पंधराव्या महिन्यात खासगीकडे एमएमआर दिली तर चालते का? कोणी असं केलंय? नवव्या महिन्यातला न्यूमोनियाचा बूस्टर आणि पोलिओचं इंजेक्शनही केंद्रात मोफत मिळतं, ते तिथेच घ्यायचा विचार आहे.

आणि कोथरूड-वारजे भागात दोन्हीकडच्या लसी मान्य करून शांतपणे समजावणारे डॉक्टर माहीत असतील तर कृपया मेसेज करा. बुधवारी लसीकरणाला जायचंय, गोवराला उशीर नकोय.