बळाच्या वापराच्या कायद्यात 'आवश्यकता', 'प्रमाण' आणि 'बचाव'

विचारणा : एखाद्या देशाने स्वसंरक्षणार्थ केलेल्या हल्ल्याबद्दल लिहिताना 'नेसेसिटी' आणि 'प्रपोर्शनॅलिटी' या दोन कसोट्या सतत येतात. त्यांना सगळीकडे 'आवश्यकता' आणि 'प्रमाणबद्धता' लिहिलं तर चालेल का? 'नाइलाज होता' हा राज्याचा (म्हणजे देशाचा) बचावही याच आवश्यकतेत मोडतो का?

प्रतिसाद : दुसरा प्रश्न आधी घेऊ, खरा घोळ तिथेच होतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वसंरक्षणातली आवश्यकता ही हक्कावरची मर्यादा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ५१ हक्क देतं, पण बळाशिवाय दुसरा मार्ग उरला नव्हता हे वापरणाऱ्याने दाखवायचं असतं. १८३७च्या डिसेंबरात ब्रिटिश तुकडीने नायगारा नदीच्या अमेरिकी काठावर घुसून 'कॅरोलाइन' ही बोट पेटवली. त्यावर १८४१ साली अमेरिकी परराष्ट्रमंत्री वेबस्टर यांनी जी मागणी केली, तीच आजही उद्धृत होते : गरज तत्काळ, अनावर, साधन निवडायला वाव नसलेली आणि विचाराला क्षणही न देणारी होती, हे दाखवा.

'नाइलाज' मात्र राज्याच्या जबाबदारीच्या कायद्यातला. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या २००१च्या मसुद्यातलं कलम २५. गंभीर आणि समोर ठाकलेला धोका, तो टाळण्याचा एकमेव उपाय, दुसऱ्या राज्याच्या मूलभूत हिताला मोठा धक्का नाही, आणि ती वेळ आणण्यात स्वतःचा हातभार नाही, इतकं सगळं जुळावं लागतं. डॅन्यूबवरच्या धरणांच्या वादात १९९७ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयात हंगेरीचा हा मुद्दा टिकला नाही. शिवाय कलम २६मुळे आक्रमणबंदीसारख्या अनुल्लंघनीय नियमाच्या भंगाला हे कारण देताच येत नाही. म्हणून पहिल्यासाठी 'आवश्यकता' आणि दुसऱ्यासाठी 'निरुपाय' असे वेगळे शब्द ठेवावेत.

प्रतिसाद : सहमत. 'प्रमाणबद्धता' मात्र नको. प्रमाणबद्ध असते ती अंगकाठी किंवा मूर्ती. इथे प्रश्न 'कशाच्या प्रमाणात' हा आहे, तेव्हा 'यथाप्रमाणता' बरा. बातम्यांमध्ये सर्रास 'जशास तसे' लिहितात, ते तर साफ चूक : तो सूड झाला. त्यांनी दहा क्षेपणास्त्रं डागली म्हणून आपणही दहा, असा हिशोब कायदा मांडत नाही. हल्ला थांबवायला जास्त बळ लागलं तर ते कायद्यात बसू शकतं, आणि हल्ला संपून गेल्यावर केलेला छोटा वारही बेकायदा ठरू शकतो.

आंतरराष्ट्रीय न्यायालयातला तेल-फलाटांचा, म्हणजे समुद्रातल्या तेल काढण्याच्या मंचांचा, खटला (इराण विरुद्ध अमेरिका, निकाल २००३) बारकाईने वाचण्यासारखा आहे. एप्रिल १९८८मध्ये सुरुंगाने अमेरिकी युद्धनौकेचं मोठं नुकसान झालं. ती बुडाली नाही, कोणी दगावलं नाही. उत्तरादाखल मोठी मोहीम झाली, तेलाचे फलाट उद्ध्वस्त झाले. न्यायालयाने फलाटांपुरतं न पाहता अख्खी मोहीम तराजूत घातली आणि ती प्रमाणाबाहेर ठरवली. आवश्यकतेचा मुद्दा तर आधीच पडला होता : फलाटांवरून लष्करी हालचाली होतात अशी तक्रार अमेरिकेने इराणकडे कधी केलीच नव्हती. लक्ष्य निवडण्यामागचं कारण आधीच्या कागदांत दिसलं नाही की बचाव इथे कोसळतो.

प्रतिसाद : एक भर. युद्ध सुरू झाल्यावरची यथाप्रमाणता निराळी. १९७७च्या पहिल्या जिनिव्हा पूरक शिष्टाचारात (प्रोटोकॉल, म्हणजे युद्धातल्या वागणुकीचे नियम घालणारा करार), कलम ५१ (५) (ब)मध्ये, तुलना नागरिकांच्या अपेक्षित हानीची आणि ठोस, थेट लष्करी फायद्याची असते. तीही हल्ल्याआधी हाती असलेल्या माहितीवर. मागाहून मोजलेल्या मृतांवर नव्हे. सनदेचंही कलम ५१ आणि इथलंही ५१, त्यामुळे नुसतं 'कलम ५१' लिहू नये. एका कसोटीत पास झालेली मोहीम दुसरीत नापास होऊ शकते.

प्रतिसाद : आणि 'बचाव' या शब्दाला कोण ते जोडाच. राज्याचा बचाव वेगळा, आरोपीचा वेगळा. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीच्या कलम ३१मध्ये व्यक्तीला स्वसंरक्षण मांडता येतं. पण आपली फौज बचावात्मक मोहिमेवर होती, एवढ्यावर सैनिक सुटत नाही, असं तिथेच स्पष्ट लिहिलं आहे.