बसने जाऊन डोंगर आणि तलाव एकाच दिवसात: वेळेचा हिशेब कसा घालता?

प्रश्न (पायवाट): गाडी नाही, बसनेच जाणार. डोंगर चढून पलीकडे तलावाकाठी उतरायचंय. शेवटची बस चुकेल ही धास्ती आहे. जिथे उतरलो तिथेच परत यावं का?

उत्तर (संथ_चाल): मुळीच नाही! बसचा खरा फायदा हाच, की गाडी आणायला मागे फिरावं लागत नाही. एका थांब्यावर उतरा, दुसऱ्यावरून बस पकडा.

हिशेबाला मी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम वापरते: सपाटीला ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे १० किमी आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. यात विश्रांती धरलेली नाही, आणि नेस्मिथसाहेब बहुधा फोटो काढायला थांबत नसावेत. मी दीडपट धरते.

डोंगर आधी, तलाव नंतर. दुपारी वीज-वादळाची शक्यता वाढते, तेव्हा कड्यावर नसलेलं बरं. शिवाय काठाला लागून रस्ता असेल तर मधल्या थांब्यावरूनही सुटता येतं. डोंगरधारेवर ती सोय नाही.

उत्तर (नकाशेवाला): काठाच्या वाटेला फसू नका. प्रत्येक खाडीला वळसा घालावा लागतो, सरळ रेषेत अंतर मोजून उपयोग नाही.

पायवाट: आणि शेवटची बस?

संथ_चाल: तिच्या आधीची पकडायची. सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक वेगळं असतं, तेच बघा.