शेतात रात्री पाणी द्यायला टॉर्च घ्यायचाय, लुमेन-वॅट-एमएएच काहीच कळेना

बांधावरचा_बंड्या
नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांना कांद्याला पाणी द्यायला रात्रीचं जावं लागतं, थ्री फेज लाईट कधी येते ते शेती असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सध्याचा टॉर्च लेड ॲसिड बॅटरीवाला आहे, ४ व्होल्टची, रात्रभर चार्जिंगला लावला तरी अर्ध्या तासात मिणमिणायला लागतो. ऑनलाईन बघायला गेलो तर एकावर १० लाख लुमेन, दुसऱ्यावर नुसतं ५० वॅट, तिसऱ्यावर ९९०० एमएएच, आणि सगळे पाचशे-सातशे रुपयांत. आप्पांचं म्हणणं एवढंच की पायाखालचं दिसलं पाहिजे, लांबचा वॉल्व्ह दिसला पाहिजे आणि लाईट जाईपर्यंत टॉर्च टिकला पाहिजे. यात नेमकं काय बघून घ्यायचं?

सोल्डरगन
बंड्या, आधी त्या १० लाखाचा हिशोब करू म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो, म्हणजे वॅटला १०० पकड. १० लाख लुमेन पाहिजे तर १० हजार वॅट लागतील. आप्पांची ५ एचपीची मोटर असेल तर ती ३.७ किलोवॅटची, तशा पावणेतीन मोटरींची वीज हातातल्या टॉर्चमध्ये, तीही सेलवर! बनवणारे काय वाट्टेल ते छापतात.

वॅट म्हणजे वीज किती खातो, लुमेन म्हणजे एकूण उजेड किती पडतो. आणि एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-तास, सेलमधला साठा, पण तो एकटा बघून काही कळत नाही, त्याला व्होल्टने गुणायचं. टॉर्चमध्ये बहुतेक १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, म्हणून तसं नाव. चांगल्या कंपनीच्या सेलमध्ये ३५०० एमएएचच्या आसपास बसतं, त्या साईजमध्ये ९९०० बसतच नाही, लिहिलेलं दिसलं की पुढचा बघ. खरा सेल ४५ ग्रॅमच्या वर भरतो, फेकू सेल बऱ्याचदा हाताला हलका लागतो, किराणावाल्याकडे काट्यावर ठेवून बघितलास तरी कळेल.

आता ३५०० एमएएच म्हणजे ३.५ अँपिअर-तास, गुणिले सेलचे ३.६ व्होल्ट म्हणजे १२.६ वॅट-तास. ३०० लुमेनला ३ वॅट लागतात, म्हणजे चार तास, सर्किटमध्ये थोडं जातं म्हणून साडेतीन धर. तोच टॉर्च १००० लुमेनवर ठेवला तर तास-सव्वा तासात खल्लास, आणि तोवर हाताला चटका बसेल इतका तापतो. म्हणून बरे टॉर्च टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडावर, मिनिटभर-दोन मिनिटं जोरात चालतात आणि मग स्वतःहून उजेड उतरवतात. ते बिघडलंय असं समजून परत करू नकोस, लोक करतात.

घाटवाट
वरचा हिशोब बरोबर आहे पण बॉक्सवरच्या तासांना फसू नका. एएनएसआय एफएल१ म्हणून टॉर्च मोजायची पद्धत आहे, त्यात रनटाईम म्हणजे सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. १००० लुमेन, ८ तास असं लिहिलेलं असेल तर त्यातले शेवटचे कित्येक तास दीडशे-दोनशे लुमेनवर काढलेले असू शकतात, खोटं कोणी बोलत नाही पण आपण समजतो ते वेगळंच. अंतराचंही तसंच, २०० मीटर लिहिलं असेल तर तिथे ०.२५ लक्स उजेड पडतो, म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. कामाचं दिसायला त्याचं अर्धं धरा, मी तर त्याहून कमीच धरतो.

आणि लुमेन जास्त म्हणजे लांब जाईल असं अजिबात नाही. पाईपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब जातं पण वाढत नाही ना, तसं आहे, रिफ्लेक्टर मोठा आणि खोल असेल तर झोत लांब. ते कॅन्डेलात लिहितात. १०,००० कॅन्डेला असेल तर त्याचं वर्गमूळ १००, दुप्पट केलं की २०० मीटर. आप्पांना वॉल्व्ह बघायचाय तर एवढं भरपूर झालं. हजाराचा टॉर्च पाचशेच्या दुप्पट दिसेल असंही समजू नका, डोळ्याला दुप्पट वाटायला जवळपास चौपट उजेड लागतो, तेवढ्यासाठी सेल कशाला जाळायचा.

मळेवाला
तुमचे हिशोब चालू द्या, मी बारं देणारा माणूस आहे, माझं ऐक. पायाखाली बघायला शंभर लुमेन पुष्कळ झाले, फक्त पसरट पाहिजे. लांब झोतवाल्याने समोर एक गोल पांढरा ठिपका दिसतो आणि बाजूला काळोख, घोणस नेमकी बाजूलाच पडलेली असते. रंगही बघ, निळसर पांढऱ्या उजेडात माती, पालापाचोळा आणि घोणस सगळं एकच दिसतं, थोडा पिवळसर म्हणजे ४००० ते ५००० केल्विनचा घे आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० मिळाला तर उत्तम. आणि टॉर्च कितीही भारी असला तरी गमबूट आधी घे रे बाबा.

घाटवाट
@मळेवाला मग हेडलॅम्पच घ्या की, फावडं धरायला दोन्ही हात मोकळे.

मळेवाला
घेऊन बघा, सगळी चिलटं तोंडावर येतात. शिवाय उजेड डोळ्याजवळून पडला की सावली दिसत नाही, खड्डा आणि सपाट जमीन एकसारखी वाटते. धुक्यात तर समोर नुसती पांढरी भिंत. कमरेच्या उंचीवर धरला की ढेकूळसुद्धा सावलीसकट दिसतं. आम्ही हेडलॅम्पचा पट्टा कमरेला बांधतो, हात मोकळे आणि चिलटंही खाली.

बांधावरचा_बंड्या
भारी माहिती दिलीत सगळ्यांनी. मग सेल बदलता येणारा एक १८६५० वाला घेतो आणि एक सेल जास्तीचा खिशात. जुन्या लेड ॲसिडवाल्याचं काय करू, पावसाळाभर पडून असतो तो.

सोल्डरगन
तिथेच मेला तो. लेड ॲसिड उतरलेली ठेवली की आत प्लेटवर सल्फेट धरतं, फुल चार्ज करून ठेवायची आणि महिन्याला एकदा परत लावायची. लिथियमचं उलट, अर्धा भरून ठेवायचा. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नकोस, शिसं आहे त्यात, बॅटरीच्या दुकानात दे.

जास्तीचा सेल चाव्या, नाण्यांबरोबर सुटा खिशात टाकायचा नाही, दोन्ही टोकं जुळली तर पेटतो, दहा-वीस रुपयांची प्लास्टिक डबी मिळते. पाण्याचं काम आहे तर आयपीएक्स ७ बघ, एक मीटर पाण्यात अर्धा तास चालतो, पाटात पडला तरी काळजी नाही. आणि टाईप सी चार्जिंगवाला घेतलास तर सोबत आलेली केबल जपून ठेव, बऱ्याच स्वस्त टॉर्चना दोन्हीकडे सी असलेली केबल चालतच नाही, लोकांना वाटतं टॉर्च गेला.