‘काळी झाले’ की ‘काळी ठरले’?

पानोपानी:
आमच्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘अमेरिकाना’ (२०१३) ही कादंबरी आहे. गटातल्या तिघीचौघींना सलग इंग्रजी वाचणं जड जातं, म्हणून मी काही प्रसंग मराठीत करून नेते. त्यातल्या एका वाक्यावर आठवडाभर अडून बसले आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इफेमेलू लागोसमध्ये वाढलेली मुलगी. नायजेरियातल्या विद्यापीठांच्या संपांमुळे शिक्षण रखडतं, म्हणून ती अमेरिकेत जाते, फिलाडेल्फियात राहते, नोकरीसाठी वणवण करते. पुढे वंशभेदावर ब्लॉग लिहून नाव मिळवते आणि बऱ्याच वर्षांनी मायदेशी परतते. एका जेवणाच्या पंगतीत ती सांगते की, मी ज्या देशातून आले तिथे हा प्रश्नच नव्हता, मी स्वतःला काळी समजतच नव्हते, अमेरिकेत आले आणि मग काळी झाले.

मी तसंच लिहिलं, ‘अमेरिकेत आले आणि काळी झाले’. आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, “तिथं ऊन फार असतं का गं?”

आईचं काही चुकलं नाही. मराठीत माणूस काळा होतो तो उन्हानं, आजारपणानं, नाहीतर काळजीनं. शाळेची सहल समुद्रावर गेली की पोरं काळी होऊन येतात आणि पंधरा दिवसांत पूर्ववत होतात. इफेमेलूचं काळं होणं हे असलं नाही. विमानतळावर उतरताना तिची कातडी होती तशीच होती. बदललं ते बघणाऱ्याचं बघणं.

मग वर्तमानपत्री ‘कृष्णवर्णीय’ घालून पाहिला. ‘अमेरिकेत आले आणि कृष्णवर्णीय झाले’ हे वाक्य जिभेवर बसतच नाही. शिवाय या शब्दात मला एक अंग चोरणं जाणवतं. कादंबरीत किम्बर्ली नावाची एक भली गोरी बाई आहे, इफेमेलू तिची मुलं सांभाळते. काळ्या बाईचा उल्लेख करायची वेळ आली की ती ‘सुंदर’ म्हणते. मासिकातल्या एका अगदी साध्या चेहऱ्याच्या बाईलाही ती सुंदर म्हणते, तेव्हा इफेमेलू सरळ सांगते की तुम्ही नुसतं ‘काळी’ म्हणालात तरी चालेल, प्रत्येक काळी व्यक्ती सुंदर नसते. किम्बर्ली क्षणभर चपापते, मग हसते, आणि तिथून दोघींची मैत्री होते. ‘कृष्णवर्णीय’ हा आपला ‘सुंदर’ आहे असं मला वाटू लागलं आहे. बोलणाऱ्याचा संकोच झाकायला तो चांगला, पण ज्याच्याबद्दल बोलतो त्याच्या काय कामाचा?

तर प्रश्न असा, की हे वाक्य मराठीत कसं म्हणावं?

दौत:
विशेषणाला हात लावू नका, क्रियापद बदला. ‘अमेरिकेत आल्यावर मी काळी ठरले.’

‘होणे’ आपल्या अंगात घडतं. ‘ठरणे’ला समोर कुणीतरी ठरवणारा लागतो. माणूस दोषी ठरतो, अपात्र ठरतो, पांढऱ्या पायाचा ठरतो. त्या माणसात त्या दिवशी नवं काहीच आलेलं नसतं, निकाल मात्र लागलेला असतो. इफेमेलूच्या ब्लॉगवरची एक नोंद हेच सांगते. बाहेरून आलेल्या काळ्या माणसाला ती बजावते की तू इथे आलास की काळा झालास, मी जमैकाचा, मी घानाचा असं सांगत बसू नकोस, अमेरिकेला त्याचं काही पडलेलं नाही.

दुसरी एक अडचण तुमच्या लक्षात आली असेलच, तरी मांडतो. मराठीतला ‘काळा’ हा तुलनेचा शब्द आहे. एकाच आईच्या पोटी एक मुलगी गोरी आणि दुसरी काळी असते. मधे निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी उतरंड आहे. लग्नाच्या जाहिरातींनी ती कशी वापरली हे सांगायला नको, आमच्या घरात दोन आत्यांना त्याची झळ लागली आहे. अमेरिकेतल्या ‘ब्लॅक’ला ही उतरंड लागू नाही. तिथे पूर्वजांत कुणी आफ्रिकी असला की पुरे, मग तुम्ही गव्हाळ असा की निमगोऱ्या. म्हणजे आपला शब्द छटा सांगतो आणि त्यांचा शब्द गट सांगतो.

कादंबरीतली जिनिका आठवा. वडील नायजेरियन, आई अमेरिकन. लागोसच्या शाळेत तिच्या उजळ रंगाचं कौतुक होतं आणि ‘हाफ कास्ट’ हा शब्द तिला कौतुकानंच लावला जातो. अमेरिकेत गेल्यावर तीच इफेमेलूला सांगते की इथे या शब्दाचा राग यायला हवा असतो. तेव्हा नायजेरियात रंगाचा विचारच नव्हता असं नाही. छटा होत्या, मानही छटेवरून मिळत होता. नव्हता तो गट. म्हणून ‘काळी ठरले’ म्हणताना ‘काळी’ हा गटाचा शब्द आहे हे आधीच्या एखाद्या वाक्यातून वाचकाच्या कानी घालावं लागेल.

कडेकडेने:
मी न्यू जर्सीत अठरा वर्षं राहते. प्रिन्स्टन आमच्यापासून लांब नाही. कादंबरी सुरू होते ती इफेमेलू केसांच्या वेण्या घालून घ्यायला प्रिन्स्टनहून ट्रेंटनला गाडीनं निघते तिथे, कारण प्रिन्स्टनमध्ये तशा वेण्या घालणारं दुकान नाही. ही दोन स्टेशनं मी शंभर वेळा पाहिली असतील. पण एका बाईला केसांसाठी गाव सोडून जावं लागतं ही गोष्ट मला या पुस्तकानं दाखवली.

शब्दाबद्दल एक अनुभव. माझी मुलगी इथेच जन्मली. सातवीत असताना तिनं विचारलं, “आई, तू मराठीत ‘काळे’ म्हणतेस तेव्हा आवाज बारीक का करतेस?” मला उत्तर देता आलं नाही. आम्ही सगळेच करतो. घर घेताना, शाळा निवडताना, कुठल्या रस्त्यानं जायचं ते ठरवताना हा शब्द येतो आणि आवाज खाली जातो. ज्यांना मराठी कळत नाही त्यांच्यासमोरही जातो. म्हणजे आवाज त्यांच्यासाठी उतरत नाही. आपण काय बोलतोय ते आपल्याला ठाऊक असतं.

त्यामुळे शब्द कोणता याहून तो कशा आवाजात म्हटला जातो याकडे मी आता जास्त बघते. तुम्ही ‘काळी’च लिहा, पानोपानी, आणि कट्ट्यावर मोठ्यानं वाचा.

रविवारची पाटी:
‘ब्लॅक’ तसाच ठेवला तर? एक कारण आहे. जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं हा शब्द माणसांसाठी वापरताना मोठ्या ‘बी’नं लिहायचं ठरवलं. रंग छोट्या अक्षरात, समूह मोठ्या. देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्यामुळे ही सोय आपल्याला नाही. पण उसना शब्द आपल्याकडे तेच काम करू शकतो. ‘काळी’ म्हणजे रंग आणि ‘ब्लॅक’ म्हणजे तो समूह, त्याचा इतिहास. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७२ मध्ये मुंबईत संघटना काढली तेव्हा ‘पँथर’ हा शब्द भाषांतर न करता घेतला होता. चित्ता नाही की बिबळ्या नाही. त्या शब्दामागचं अमेरिकेतलं आंदोलन त्यांना शब्दासकट हवं होतं.

‘निग्रो’ मात्र आजच्या लेखनात नको. जुन्या मजकुरात असेल तर बदलूही नये. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते निग्रोंना गुलामगिरीतून सोडवणारे लोक. तिथे तो त्या काळाचा शब्द आहे. इफेमेलूच्या ब्लॉगच्या लांबलचक नावातही तो मुद्दाम ‘पूर्वी ज्यांना असं म्हणत’ अशा अर्थानं येतो, तिथे तो ठेवावाच लागेल.

माडाची सावली:
आफ्रिकेतून आलेल्या माणसांसाठी आपल्याकडे शब्द नव्हते असं नाही. ‘हबशी’ हा अरबीतल्या ‘हबश’ म्हणजे अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया, यावरून आला. जंजिऱ्याच्या सिद्दीला जुन्या मराठी कागदांत ‘शामल’ही म्हटलेलं आहे. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. त्या काळी ‘हबशी’ म्हणजे तलवारबाज, दर्यावर्दी, सरदार. आज तोच शब्द पोराच्या रंगावरून चिडवायला वापरतात. उत्तर कन्नडमधले सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या कोकणी बोलतात, तरी बसमध्ये त्यांना कुठल्या देशाचे म्हणून विचारलं जातं. तेव्हा अनुवादात ‘हबशी’ नको, पण या चर्चेत त्याची आठवण हवी.

मला खरं म्हणजे कादंबरीच्या नावाबद्दल लिहायचं होतं. ‘अमेरिकाना’ ही नायजेरियातली थट्टा आहे. अमेरिकेला जरा जाऊन आलेली शाळकरी मुलगी योरुबा कळत नसल्याचं सोंग करते, प्रत्येक इंग्रजी शब्दात ‘र’ घोळवते, आणि बाकीच्या मुली शेवटचं अक्षर लांबवत तिला ‘अमेरिकानाऽऽ’ म्हणून हसतात. मूळ नावाच्या शेवटी जो ‘एच’ आहे तो हा हेल आहे. मराठीत अवग्रहानं तो छान दाखवता येईल. पश्चिम आफ्रिकेत परदेशी जाऊन आलेल्याला ‘बीन-टू’ असाही एक जुना शब्द आहे.

आमच्या कोकणात याच्या जवळचा शब्द ‘चाकरमानी’. गणपतीला मुंबईहून आलेला, चहात साखर कमी मागणारा, मालवणी बोलता बोलता मधेच शहरी मराठीत शिरणारा. त्या शब्दात थट्टा आहे, वाट पाहणं आहे आणि ‘आता तू पुरता आमचा नाहीस’ हेही आहे. इफेमेलू लागोसला परतते तेव्हा तिला जे वाटतं ते माझ्या काकांना दर गणपतीत वाटायचं. काळेपणाचा भाग मात्र चाकरमान्याच्या अनुभवात नाही, तिथे ही तुलना थांबवावी.

सहापेडी:
केसांच्या शब्दांकडे लक्ष द्या. इफेमेलूची उजूआत्या डॉक्टर म्हणून मुलाखतीला जाताना वेण्या सोडून केस सरळ करून घेते. पुढे इफेमेलूही नोकरीसाठी औषध लावून केस सरळ करते, टाळू भाजते, केस गळतात आणि शेवटी कापावे लागतात. मराठीत अशा केसांना ‘राठ’, ‘झिंज्या’, ‘जटा’ हे शब्द चटकन सुचतील. तिन्ही शब्द आधीच निकाल देऊन बसलेले आहेत. ‘दाट, बारीक वळ्यांचे केस’ असं साधं लिहावं. वेणीत गुंफायच्या उसन्या केसांसाठी मात्र अस्सल शब्द आहे, ‘गंगावन’. माझ्या आजीच्या फडताळात होतं.

दौत:
गंगावन! वा.

आणखी एक शब्द राहिला. ‘बिलाँगिंग’, म्हणजे आपण इथले आहोत ही भावना, यासाठी कुणी काही सुचवलं नाही. ‘आपलेपणा’ पुरत नाही, कारण तो देणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. ‘आपल्यातली’ जवळ जातो. पण ‘आपल्यातलेच ना?’ हा मराठीत जातीचा प्रश्न आहे, घरमालक तो हसून विचारतात. उजूआत्याच्या मुलाला, डिकेला, शिबिरातली बाई उन्हाचं मलम देत नाही, तुला त्याची गरज नाही म्हणते. तो पोरगा म्हणतो की मला फक्त इतरांसारखं असायचंय. मी तिथे ‘चारचौघांसारखं’ लिहीन.

पानोपानी:
सगळ्यांचे आभार. जेवणाच्या प्रसंगात ‘काळी ठरले’ घेते आहे. ब्लॉगच्या नोंदीत, जिथे ती बाहेरून आलेल्यांना या गटात सामील व्हायला सांगते, तिथे ‘काळ्यांतला हो’ असं केलं आहे. ठरवलं त्यांनी, पण तिथून पुढचं ‘होणं’ तिचं आहे. ‘ब्लॅक’ संघटनांच्या नावांत ठेवला. ‘कृष्णवर्णीय’ पूर्ण काढला.

जिनिकासोबत कपड्यांच्या दुकानात गेल्याचा प्रसंगही केला. गल्ल्यावरची बाई विचारते, तुम्हाला कुणी मदत केली? दोघी विक्रेत्या आहेत, एक काळी, एक गोरी. ती विचारते, लांब केसांची? दोघींचे लांब. काळ्या केसांची? दोघींचे काळे. जो एक शब्द विचारला की काम झालं असतं तो तिच्या तोंडून निघत नाही. हे वाचताना आमच्या कट्ट्यावर कुणीच बोललं नाही. मग एकीनं सांगितलं की त्यांच्या इमारतीत सफाईला येणाऱ्या बाईंबद्दल बोलताना सगळे असंच करतात.

काल आईला नवं वाक्य वाचून दाखवलं. ‘अमेरिकेत आले आणि काळी ठरले.’

तिनं चष्मा काढला आणि विचारलं, “कुणी ठरवलं?”