मदत हवी आहे : मुलाची चाचणी कुठे करून घ्यावी?

मुलुंडची_आई :
शाळेने मुलाची अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडचण) चाचणी करून दिवाळीच्या सुट्टीआधी प्रमाणपत्र आणण्यास सांगितले आहे. तोंडी विचारल्यास जलचक्र न अडखळता सांगणारा हा मुलगा वहीत दोनच ओळी लिहितो आणि त्यातही 'बाष्पीभवन' एकदा 'बाश्पीभन', तर पुढच्याच ओळीत 'बापीभवन' होते. मुंबईत चाचणी कुठे होते एवढेच कृपया लवकर सांगावे. 'मोठा झाला की सुधारेल' हे आम्ही दोन वर्षे ऐकत आहोत.

पारिजात :
ताई, वय, इयत्ता आणि माध्यम लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार? आणि प्रमाणपत्र नेमके कशासाठी हवे आहे?

मुलुंडची_आई :
तेरा पूर्ण, आठवी, मराठी माध्यम. दहावीला जादा वेळ मिळावा म्हणून.

घाटकोपरचा_बाबा :
मग खासगीत पैसे घालवू नका. बोर्डाच्या सवलतीसाठी अधिकृत सरकारी केंद्राचेच प्रमाणपत्र लागते. आम्ही मुलीसाठी सायन रुग्णालयात गेलो होतो. कान-डोळे, बालरोगतज्ज्ञ, बुद्ध्यांक आणि शेवटी विशेष शिक्षकांकडून वाचन-लेखन-गणिताची तपासणी, अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या, त्यामुळे दिवाळीचा हट्ट शाळेला सोडायला सांगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता समाविष्ट आहे, हेही त्यांना ऐकवा.

निवृत्त_गुरुजी :
आमच्या नातवाने रोज एक पान शुद्धलेखन लिहिले आणि वर्षभरात अक्षर मोत्यासारखे झाले. हल्ली उठसूट चाचण्या करतात.

पारिजात :
गुरुजी, प्रश्न अक्षराचा नाही. चुकलेला शब्द शंभरदा गिरवायला लावल्याने माझा भाऊ वहीच लपवू लागला होता.

मुलुंडची_आई :
सांगायचे राहिले, जूनमध्ये एका खासगी ठिकाणी वेक्सलर ही बुद्ध्यांकाची चाचणी झाली आहे. बुद्ध्यांक 94 आला, पण भाषिक भागात गुण कमी आहेत. प्रश्न इंग्रजीत विचारले होते. आता सरकारी केंद्रात पुन्हा तीच चाचणी देता येईल का?

अंधेरी_समुपदेशक :
हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. तीच चाचणी काही महिन्यांत पुन्हा दिली की सरावाने गुण फुगतात, म्हणून जूनचा अहवाल सोबत न्या आणि चाचणी झाल्याचे आधीच सांगा. वेक्सलरमध्ये सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 15 असल्याने, म्हणजे बहुतेकांचे गुण 85 ते 115 मध्ये येत असल्याने, 94 सर्वसाधारणच ठरतो. घरी-शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारल्यावर भाषिक गुण कमी येणे यात बुद्धीपेक्षा भाषेचाच दोष असू शकतो. बिने-कामत ही मराठीतली बुद्ध्यांकाची चाचणी आहे, तिच्याबद्दल विचारा. मात्र नुसत्या बुद्ध्यांकावरून अध्ययन अक्षमता ठरत नाही; त्यासाठी इयत्तेनुसार वाचन-लेखन तपासावेच लागते.

घाटकोपरचा_बाबा :
बिने-कामतचे निकष आपल्या आजोबांच्या काळातले आहेत, साहेब. त्यावर आजच्या मुलाला तोलायचे?

अंधेरी_समुपदेशक :
निकष जुने आहेत, मान्य. तरी अनोळखी भाषेतल्या नव्या चाचणीपेक्षा मी समजणाऱ्या भाषेतली जुनी निवडेन आणि तिचा आकडा जपून वाचेन.

दादरकर :
दहावीनंतर वाणिज्य शाखा घ्यावी, लिखाण कमी असते.

पारिजात :
आत्ता आठवीचे चालले आहे, दादरकर. ताई, डोळे आणि कान शेवटचे कधी तपासले होते?

मुलुंडची_आई :
चष्म्याचा नंबर तिसरीत काढला होता. उद्याच नेते.