मणिभवन पाहिलं, पण घर कुठंय?

नौपाडाकर
रविवारी मुलीला घेऊन गावदेवीच्या मणिभवनात गेलो होतो. ठाण्याहून दादर, तिथं गाडी बदलून ग्रँट रोड, पुढे पायी. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली काचेआड आहे. गादी, चरखा, बास. शेजारी त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांतून मांडलेत, तिथं मुलगी रमली. उतरताना म्हणाली, "बाबा, यांचं स्वयंपाकघर कुठंय?"

घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की मुक्काम इथंच. म्हणजे सतरा वर्षं एका कुटुंबाच्या जिन्यावर अख्ख्या देशाची वर्दळ! त्या घरात पानं किती वाढली जायची, कोण राबायचं, हे मला तरी कुठं दिसलं नाही. पाहुणा जपला आणि यजमान हरवला. स्मारक म्हणा, पण घर-संग्रहालय म्हणू नका.

ऐरोलीकर
दादा, तो पाहुणा उतरला म्हणूनच घर उभं आहे. १९५५ मध्ये गांधी स्मारक निधीनं ते घेतलं नसतं तर आज तिथं टॉवर असता. तुमच्याच नौपाड्यात बघा की, वाडा पडतो आणि नाव तेवढं उरतं: अमुक वाडा, बी विंग.

आणि गच्चीवर गेलात का? ४ जानेवारी १९३२ ला पहाटे तिथल्याच तंबूतून त्यांना अटक झाली. हे सोडून फोडणीचा वास कसला शोधताय!

कोपरीची मीनल
फोडणीला हसू नका, ऐरोलीकर. १९१९ ची गोष्ट. आजारपणानं गांधीजी पार खंगले होते, डॉक्टर दलाल दूध घ्या म्हणत होते आणि हे व्रतावर अडून बसलेले. वाट काढली कस्तुरबांनी: व्रत गाई-म्हशीचं दूध न घेण्याचं, शेळीचं चालेल. पुढे जन्मभर शेळीचं दूध चाललं. लेक बरोबर ठिकाणी बोट ठेवतेय.

पण नौपाडाकर, काचेवर राग कशाला? हजार हात लागले तर गादी टिकेल का? आमच्या आजीची पैठणीसुद्धा पाहुण्यांना लांबूनच दाखवतो.

जुना ठाणेकर
दादरला गाडी बदलताच, तर हिंदू कॉलनीत राजगृहही बघून या. खाली बाबासाहेबांच्या खोल्या, वर कुटुंब राहतं. घराचं घरपण टिकायला दुसरं काय लागतं? आणि १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेब आणि गांधीजी पहिल्यांदा भेटले ते मणिभवनातच. त्या भेटीत गोडवा नव्हता. बाहुल्यांत असा कडवटपणा मावत नाही, माझी खरी तक्रार ती आहे.

ऐरोलीकर
काका, राजगृहाची तुलना लागू नाही. ते बाबासाहेबांनी स्वतः बांधलेलं, तेही पुस्तकं मनात धरून. तिथंही कोणी चूल बघायला जात नाही.

नौपाडाकर
मीनलताई, शेळीची गोष्ट लेकीला सांगितली. आता विचारतेय, शेळी बांधायचे कुठं? गच्चीचा मुद्दा ऐरोलीकरांना दिला, मी खालूनच परतलो होतो. यजमानाचं मात्र मागे घेत नाही. झवेरींच्या घरची एक पितळी परात जरी तिथं मांडली असती, तरी मी हा धागा काढला नसता.